पूर्वग्रह आणि पूर्वन्याय

सरकारी मसुदे लिहिण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ‘विदाऊट प्रेज्युडिस’ ही शब्दजोडी नवी नाही. तडजोडीच्या पत्राच्या माथ्यावर ती येते, अधिनियमांच्या कलमांत येते, आणि आपण ती इतक्या सवयीने लिहितो, की तिचा अर्थ मनाशी घोळवून पाहण्याचे कधी कारणच पडत नाही. मराठी विधिभाषेने तिच्यासाठी ‘बाध न येता’ हा सुटसुटीत प्रयोग रूढ केला आहे. परंतु हाच ‘प्रेज्युडिस’ शब्द कचेरीच्या पायऱ्या उतरून दिवाणखान्यात आला, की आपण त्याला ‘पूर्वग्रह’ म्हणू लागतो. ‘त्या साहेबांचा आपल्या लोकांविषयी पूर्वग्रह आहे’ हे वाक्य परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबात केव्हा ना केव्हा उच्चारले गेलेले असतेच. मूळ शब्द एक, पण कागदावर तो ‘बाध’ होतो आणि बोलण्यात ‘पूर्वग्रह’ होतो. असे का व्हावे, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. त्याच्या मागे जाता जाता शब्दकोशापासून निघून मी इतिहासात येऊन पोहोचलो. त्या शोधाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक घरगुती प्रसंग सांगतो. अनेक वर्षांपूर्वी माझी बदली बंगालमध्ये बर्धमान येथे झाली होती. घरमालकांच्या वृद्ध मातोश्रींना आम्ही मासीमा म्हणत असू. एके दुपारी त्या आपल्या नातवाला थोपटून निजवीत होत्या आणि बंगालमधल्या घराघरांत ठाऊक असलेले एक अंगाईगीत गुणगुणत होत्या. त्यात ‘बर्गी’ असा शब्द आला. माझ्या पत्नीने सहज विचारले, “मासीमा, बर्गी म्हणजे काय हो?” त्या म्हणाल्या, “फार पूर्वी पश्चिमेकडून घोड्यांवर बसून लुटारू येत असत, बउमा. त्यांचे नाव काढले की मुले निमूट झोपतात.” मग काही बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, “तुमचा मूळ गाव कोणता?” पत्नी म्हणाली, “नागपूर.” मासीमांचा थोपटणारा हात क्षणभर थांबला. पुढे काय झाले ते लेखाच्या अखेरीस सांगेन. तूर्त त्या थांबलेल्या हाताविषयी विचार करावयाचा आहे.

‘प्रेज्युडिस’ हा शब्द लॅटिन ‘प्रेयुदिकियुम्’ या शब्दावरून आलेला आहे. ‘प्रे’ म्हणजे आधी आणि ‘युदिकियुम्’ म्हणजे निर्णय. रोमन लोकांच्या न्यायव्यवस्थेत हा मनोवृत्तीचा शब्द नव्हता. तो सरळ न्यायालयीन कामकाजातला शब्द होता. मुख्य दावा ऐकण्यापूर्वी एखादा प्राथमिक मुद्दा निकालात काढावा लागे. उदाहरणार्थ, समोर उभा असलेला मनुष्य जन्मतः स्वतंत्र आहे, की दास्यातून मुक्त केलेला आहे? या मुद्द्यावर पुढचे अनेक हक्क अवलंबून असत. अशा प्राथमिक चौकशीला ते नाव होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गायस या विधिशास्त्रज्ञाच्या ग्रंथात तिचा उल्लेख आहे. आता आधीच होऊन गेलेला निर्णय नंतरच्या पक्षकाराला बहुधा अडचणीचाच ठरावयाचा. म्हणून कालांतराने त्याच शब्दाला ‘नुकसान’, ‘हानी’ असाही अर्थ चिकटला. कागदावरचा ‘बाध’ आणि बोलण्यातला ‘पूर्वग्रह’ ही अशा रीतीने एकाच आईची दोन लेकरे आहेत. आधीच दिलेला निकाल ही ती आई होय.

आपल्याकडे या कल्पनेला शब्द नव्हता असे कोणी समजू नये. धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात प्रतिवादीने द्यावयाच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. आरोप कबूल करणे, तो नाकारणे, आरोप खरा असला तरी त्याचा परिहार करणारे कारण दाखविणे, आणि चौथा प्रकार ‘पूर्वन्याय’ किंवा ‘प्राङ्न्याय’. या चौथ्या उत्तराचा आशय असा, की हाच वाद पूर्वी चालला होता, त्याचा निकाल लागला आहे, तेव्हा तो पुन्हा उकरून काढू नये. आजच्या दिवाणी व्यवहार संहितेचे, म्हणजे १९०८ च्या कायद्याचे, अकरावे कलम नेमके हेच सांगते. मात्र हे सांगताना ते काही अटी घालते. वादाचा विषय तोच असला पाहिजे. पक्षकार तेच, किंवा त्यांच्याच हक्कावर उभे असलेले, असले पाहिजेत. निर्णय देणारे न्यायालय तो देण्यास अधिकारी असले पाहिजे, आणि त्याने प्रकरण खरोखर ऐकून निर्णय दिलेला असला पाहिजे. या अटी पुऱ्या झाल्या तरच पूर्वीचा निकाल नंतरच्या माणसाला बांधतो.

या अटी ध्यानात ठेवल्या म्हणजे पूर्वन्याय आणि पूर्वग्रह यांतील अंतर स्पष्ट होते. पूर्वग्रह हाही एक निकालच असतो. पण तो एकाच्या प्रकरणात दिलेला असतो आणि बजावला जातो दुसऱ्यावर. कित्येकदा तर पहिले प्रकरणही कोणी ऐकलेले नसते.

मराठीने या वृत्तीसाठी निवडलेला शब्दही अर्थपूर्ण आहे. त्यातला ‘ग्रह’ हा शब्द पकडणे या अर्थाच्या धातूपासून झालेला आहे. आकाशातील ग्रह माणसाला पकडतात अशी समजूत होती. सूर्यचंद्रांना राहू पकडतो ते ग्रहण. वैद्यकग्रंथांत लहान मुलांना पछाडणाऱ्या पीडांना ‘बालग्रह’ असे नाव आहे. याच धातूपासून संग्रह, निग्रह, अनुग्रह हे शब्द निघाले. आग्रह आणि दुराग्रह हेही त्याच कुळातले. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला नाव हवे होते तेव्हा ‘सदाग्रह’ असे एक नाव सुचविण्यात आले, आणि गांधीजींनी त्यात बदल करून ‘सत्याग्रह’ हा शब्द सिद्ध केला, ही हकीकत सुपरिचित आहे. मराठीत नुसता ‘ग्रह’ शब्दही समज या अर्थी चालतो. ‘त्यांचा असा ग्रह झाला’ असे आपण म्हणतोच. म्हणजे मराठी माणसाच्या लेखी समज ही मनाने केलेली पकड आहे. ही पकड वस्तू पाहण्यापूर्वीच बसली, की तो झाला पूर्वग्रह.

आपल्या उत्तरेकडील शेजाऱ्यांनी याच जागी बहुधा ‘पूर्वाग्रह’ हा शब्द वापरला आहे. मध्ये आलेल्या एका दीर्घ स्वराने केवढा फरक पडतो! ‘पूर्वाग्रह’ म्हणजे आधीपासून धरलेला आग्रह. त्यात धरणारा जागा आहे आणि आपण काय धरले आहे हे त्याला ठाऊक आहे. मराठी ‘पूर्वग्रहा’त मनुष्य स्वतःच पकडला गेलेला असतो, आणि पुष्कळदा त्याला त्याची वार्ताही नसते. म्हणूनच मराठीत ‘पूर्वग्रहदूषित’ असे विशेषण तयार झाले. पाणी दूषित होते ते पाण्याच्या इच्छेने होत नाही. हैदराबादकडे नोकरी केलेल्या वाचकांना ‘तअस्सुब’ हा शब्द आठवेल. तो बांधणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आला असून आपल्या कुळाशी, आपल्या गटाशी घट्ट बांधलेला मनुष्य परक्याविषयी जी भावना बाळगतो ती त्यात सूचित होते. एक भाषा ही वृत्ती निकालात पाहते, दुसरी आग्रहात, तिसरी बांधिलकीत आणि आपली भाषा पकडीत पाहते. चौघींनीही आपापल्या परीने तिचे एकेक अंग नेमके हेरले आहे.

आता बर्गींकडे वळू. पकड बसते कशी, हे त्या प्रकरणात चांगले पाहावयास मिळते.

‘बर्गी’ हा मूळचा ‘बारगीर’. मराठी फौजेतील घोडेस्वारांचे दोन वर्ग होते. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. म्हणजे हा केवळ लष्करी दर्जा दाखविणारा शब्द होता. त्यात निंदा नव्हती आणि स्तुतीही नव्हती. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी बंगालवर स्वारी केली, आणि पुढे सुमारे दहा वर्षे, १७५१ पर्यंत, या स्वाऱ्या होत राहिल्या. उद्देश चौथाईचा होता, परंतु गावकऱ्याच्या वाट्याला आली ती लूट, जाळपोळ आणि अत्याचार. या गोष्टी शत्रूच्या कल्पनेतून निघालेल्या नाहीत. गंगाराम नावाच्या समकालीन बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात त्यांचे वर्णन केले आहे, आणि बर्धमानच्या राजाश्रयास असलेल्या बाणेश्वर विद्यालंकार यांच्या ‘चित्रचंपू’ या संस्कृत ग्रंथातही ते आले आहे. मराठी इतिहासवाचकाला हे वाचताना संकोच वाटतो. वाटलाही पाहिजे.

पण गंगारामाच्या काव्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. त्याच्या कथेप्रमाणे पृथ्वीवर पाप माजले म्हणून शंकराने नंदीला शाहू महाराजांकडे धाडले आणि मराठ्यांची फौज त्या दैवी प्रेरणेनेच बंगालमध्ये आली. पुढे त्या फौजेने ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांनाही सोडले नाही, तेव्हा पार्वती संतापली आणि तिने आपला कौल नबाबाच्या बाजूने फिरविला. जो कवी त्या आगीच्या धगीत उभा होता, त्याने मराठ्यांना जन्मतः दुष्ट ठरविले नाही. त्याने त्यांची बाजू मांडली, मग त्यांची कृत्ये मोजली आणि मग निकाल दिला. गंगारामाचा निकाल कठोर आहे, पण तो पूर्वग्रह नव्हे, कारण त्याने प्रकरण ऐकले होते.

या प्रकरणातील पक्षकारांची यादीही दिसते तितकी सरळ नाही. मराठी फौजेला बंगालच्या वाटा दाखविणारा प्रमुख मनुष्य मीर हबीब हा पूर्वी नबाबाच्याच सेवेतला सरदार होता. १७४३ साली बाळाजी बाजीराव पेशवे स्वतः बंगालमध्ये उतरले, ते रघूजींना मदत करण्यासाठी नव्हे, तर त्यांना हुसकून लावण्यासाठी. त्याबद्दल नबाब अलिवर्दीखानाकडून त्यांनी बावीस लाख रुपये घेतले. १७४४ च्या मार्चअखेर अलिवर्दीखानाने वाटाघाटीसाठी बोलावून भास्करराम आणि त्यांचे सरदार यांची मानकरा येथील तंबूत कत्तल केली. त्याचा सूड म्हणून स्वाऱ्या अधिक निष्ठुर झाल्या. १७५१ च्या तहाने बारा लाख रुपये चौथाई ठरली आणि ओरिसाचा महसूल नागपूरकरांकडे गेला. ओरिसात मराठ्यांचा अंमल १८०३ पर्यंत टिकला. तेथेही जुलमी वसुलीची आठवण आहे, परंतु कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर येऊन उभा राहिला तो त्याच काळात. मराठ्यांविरुद्ध मराठे, नबाबाविरुद्ध नबाबाचा सरदार, लूट आणि देवसेवा असे हे गुंतागुंतीचे प्रकरण आहे. कोणत्याही न्यायाधीशाला ते एका बैठकीत निकालात काढता आले नसते.

अंगाईगीताला मात्र इतके बारकावे पेलत नाहीत. तिथे उरला तो एकच शब्द. एका लष्करी दर्जाचे नाव साऱ्या मराठ्यांचे नाव झाले, आणि मराठ्यांचे नाव भीतीचे नाव झाले. ते मुलाच्या कानावर पडले ते अशा वयात, की ज्या वयात प्रतिवादीचे म्हणणे विचारण्याची बुद्धी नसते. वैद्यकातला ‘बालग्रह’ हा शब्द येथे किती अचूक बसतो पाहा. कलकत्त्याला याच भीतीने १७४२–४३ मध्ये ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला होता. सात मैलांपैकी सुमारे तीन मैल काम झाले आणि ते थांबले. मराठ्यांनी कलकत्त्यावर हल्ला केलाच नाही. १७९९ साली खंदकाचा बहुतेक भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला गेला. बागबाजारात मात्र ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली आजही त्या नावाने ओळखली जाते. जमिनीतला खंदक साठ वर्षांच्या आत बुजला. अंगाईतला आज पावणेतीनशे वर्षांनंतरही तसाच आहे.

लोकांच्या मनातील पूर्वग्रहाविषयी आपण बोललो. त्याला निदान एक खरे दुःख कारण झालेले होते. परंतु पूर्वग्रह जेव्हा कचेरीत शिरतो, त्याला जावक क्रमांक मिळतो आणि त्यावर शिक्का उमटतो, तेव्हा काय होते? अधिकारी वर्गाने हे विशेषकरून पाहण्यासारखे आहे, म्हणून आपल्याच देशातील, आणि महाराष्ट्राला अगदी निकटचे, एक उदाहरण घेतो.

१८७१ च्या सत्ताविसाव्या कायद्याने, ज्याला आपण ‘गुन्हेगार जमाती कायदा’ म्हणतो, सरकारला असा अधिकार मिळाला, की एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीर गुन्हे करणारा आहे असे वाटल्यास तसे अधिसूचनेने जाहीर करावे. विधेयकाच्या चर्चेत असा युक्तिवाद झाला, की हिंदुस्थानात धंदे वंशपरंपरेने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, तद्वत गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणारच. एकदा जमात अधिसूचित झाली, की तिच्यात जन्मलेल्या मनुष्याचे नाव नोंदवहीत चढे, त्याला हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या अधिसूचनेच्या योग्यायोग्यतेविषयी कोणत्याही न्यायालयाला विचारणा करता येत नसे. येथे तर पहिले प्रकरणही चालले नव्हते. निकाल आधी आणि तोही अपिलावाचून.

आता दुसऱ्याच वर्षाचा कायदा पाहा. १८७२ चा पहिला कायदा म्हणजे भारतीय पुराव्याचा कायदा. दीडशे वर्षांहून अधिक काळ, १ जुलै २०२४ रोजी नवा भारतीय साक्ष अधिनियम अमलात येईपर्यंत, आपली न्यायालये त्यावर चालली. त्याच्या चोपन्नाव्या कलमाचे तत्त्व असे होते, की फौजदारी खटल्यात आरोपीचे वाईट शील ही गोष्ट असंबद्ध आहे, जोपर्यंत तो स्वतः आपल्या चांगल्या शीलाचा पुरावा पुढे करीत नाही. मनुष्य वाईट म्हणून ओळखला जातो, एवढ्यावरून त्याने हा गुन्हा केला असे मानू नये. पूर्वग्रहाविरुद्ध याहून सुंदर वाक्य कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडेल. त्या कायद्याचे शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हेच १८७१ सालीही व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधिसदस्य होते. तेच खाते, तोच अधिकारी, आणि मध्ये जेमतेम एका वर्षाचे अंतर. एकट्या माणसाचे वाईट शील न्यायालयात निघत नाही, आणि साऱ्या जमातीचे वाईट शील मात्र न्यायालयालाही अनुल्लंघनीय ठरते! बुद्धिमान आणि कष्टाळू माणसांच्या हातून असे विसंगत लेखन होते, याचे आश्चर्य करण्यापेक्षा आपण त्यातून सावध व्हावे हे बरे.

हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी तो अधिक विस्तृत झाला. मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, सोलापूर येथे ‘सेटलमेंट’ वसल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणात पिढ्या वाढल्या. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींच्या नावांचा मराठी बोलण्यातला अर्थच कायद्याने बदलून टाकला. जमातीचे नाव उच्चारणे म्हणजेच आरोपपत्र वाचणे, असे झाले. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. देश स्वतंत्र झाल्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी ही माणसे ‘विमुक्त’ झाली. परंतु कायदा रद्द करण्यास दुसरा एक कायदा पुरतो. शब्दाला चढलेला गंज असा उतरत नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, यातली वेदना आपण ओळखली पाहिजे. ज्या शब्दाने पोलीस दप्तरात त्यांच्या लोकांना नोंदविले जाई, तोच त्यांनी मुखपृष्ठावर ठेवला आणि म्हटल्याप्रमाणे प्रकरण नव्याने सुनावणीस घेतले. दुसऱ्या वर्षी साहित्य अकादमीने त्या ग्रंथाचा गौरव केला.

प्रकरण नव्याने सुनावणीस घेणे हाच पूर्वग्रहावरचा एक खरा उपाय आहे, असे मला वाटू लागले आहे. आणि ती सुनावणी बंगालच्या बाबतीत कोणी केली, हे आठवले म्हणजे परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला धीर येतो. सखाराम गणेश देऊस्कर यांचे घराणे मूळचे कोकणातील देऊस गावचे. त्यांचा जन्म १८६९ साली देवघरजवळच्या खेड्यात झाला. घरी मराठी, बाहेर बंगाली. त्यांनी देवघरला शिक्षकी केली, पुढे कलकत्त्याच्या ‘हितवादी’ पत्रात काम केले आणि मराठ्यांच्या इतिहासावर बंगालीत लिहिले. १९०२ साली त्यांनी बंगालमध्ये शिवाजी उत्सव सुरू केला. १९०४ मध्ये त्यांच्या पुस्तिकेच्या निमित्ताने रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या ‘देशेर कथा’ या बंगाली ग्रंथाने स्वदेशीच्या चळवळीला बळ दिले आणि १९१० साली सरकारने तो जप्त केला. देऊस्करांना बर्गींची कथा ठाऊक नव्हती असे नाही. त्या कथेच्या प्रदेशातच ते वाढले. त्यांनी तक्रार केली नाही, वकिली केली नाही. ज्या भाषेत ‘बर्गी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई, त्याच भाषेत त्यांनी आयुष्यभर लिहिले, आणि त्या लोकांच्या कामी आले.

दुसरी जोडी इतिहासकारांची. जदुनाथ सरकार हे बंगाली; १९१९ साली त्यांनी शिवचरित्र लिहिले, आणि १९३२ च्या ग्रंथात बंगालवरील मराठी स्वाऱ्यांचे कठोर वर्णनही केले. पुण्याच्या संशोधकांशी त्यांचे तीव्र मतभेद झाले आणि ते मराठ्यांविषयी पूर्वग्रहदूषित आहेत असेही बोलले गेले. परंतु त्यांचे सर्वांत निकटचे स्नेही कोण? तर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई, ज्यांची सारी नोकरी बडोद्यात गेली. या दोघांचा पत्रव्यवहार व स्नेह सुमारे अर्धे शतक टिकला. पुणे रेसिडेन्सीच्या कागदपत्रांचे खंड त्यांनी मिळून संपादिले. सरदेसाईंनी बंगालमधील अत्याचार नाकारून हा स्नेह मिळविला नाही, आणि जदुनाथांनी आपली मते गिळून तो टिकविला नाही. दोघांनी एकच कागद समोर ठेवला आणि दोघांनी तो वाचला. झालेली गोष्ट नाकारणे हा पूर्वग्रहावरचा उपाय नव्हे. ती पुरती मान्य करावी आणि मग विचारावे, की समोर बसलेला हा मनुष्य त्या प्रकरणात पक्षकार होता काय?

हा प्रश्न आपण दुसऱ्यांना विचारतो तितक्याच वेळा स्वतःला विचारतो काय? आपल्या पेटीतून परमुलखात आपणही काही शब्द बरोबर नेतो. विंध्यापलीकडचा तो ‘भय्या’, तुंगभद्रेपलीकडचा तो ‘मद्रासी’, मग तो कोचीनचा असो की गुंटूरचा. ‘भय्या’चा अर्थ भाऊ असा आहे, हे आपण विसरून गेलो, जसे बंगाली माणूस ‘बारगीर’चा अर्थ विसरला. उत्तरेतून येऊन महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या राहिलेली, घरात मराठी बोलणारी कुटुंबे आजही ‘परदेशी’ या आडनावाने ओळखली जातात. ते आडनाव आता त्यांनी अभिमानाने धारण केले आहे हा त्यांचा मोठेपणा; ते आपण ठेवले, ही आपली सवय. आणि नव्या ठिकाणी रुजू होताच आपल्या आधीचे अधिकारी चहाच्या पेल्याबरोबर जे सांगतात, ‘इथले लोक आळशी’, ‘इथल्या कारकुनांवर नजर ठेवा’, ‘त्या जातीच्या कंत्राटदारापासून जपून’, ते काय असते? कार्यभार घेतानाच्या यादीत न लिहिलेला, परंतु सर्वांत आधी हाती दिलेला तो निकाल असतो. तो कोणत्या प्रकरणात लागला, पक्षकार कोण होते, ऐकले कोणी, हे आपण विचारीत नाही. आपली पहिली टिप्पणी त्याच्याच शाईने लिहिली जाते. कोणाची बढती अडते, कोणाचा अर्ज मागे पडतो, आणि त्या मनुष्याला कळतही नाही, की आपल्याविरुद्ध आधी एक निकाल झालेला आहे. कागदावर आपण ‘बाध न येता’ असे लिहितो. बाध तर त्यापूर्वीच येऊन गेलेला असतो.

आपल्या शास्त्रकारांनी वादाला आरंभ करताना ‘पूर्वपक्ष’ मांडण्याचा दंडक घातला. आधी दुसऱ्याचे म्हणणे त्याच्यापेक्षाही चांगल्या रीतीने मांडावे, मग आपले सांगावे. पूर्वपक्ष आणि पूर्वग्रह या दोन्ही शब्दांत ‘पूर्व’ आहे. आधी काय यावे, दुसऱ्याचे म्हणणे की आपली पकड, एवढाच प्रश्न आहे. नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत आपण जितकी गावे पाहतो, तितक्या वेळा तो प्रश्न आपल्यापुढे येतो, आणि त्याचे उत्तर आपल्या गोपनीय अहवालात कोणी लिहून ठेवीत नाही.

आता मासीमांचे राहिले. ‘नागपूर’ हे नाव ऐकून त्यांचा हात थांबला, असे मी वर सांगितले. माझ्या पत्नीलाही ते जाणवले. ती हळूच म्हणाली, “मासीमा, त्या बर्गींमध्ये आमच्याकडचे लोक होते, हे खरे आहे.” मासीमांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिले. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अग बउमा, मला तरी त्यांनी कुठे लुटले?” झोपलेला नातू त्यांनी अलगद उचलला, माझ्या पत्नीच्या मांडीवर ठेवला, आणि संध्याकाळचा दिवा लावण्यासाठी त्या आत गेल्या.